माळ्यावरचे विमान

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. चकलीचा पहिला घाणा मोडतो आणि त्याचा दोष गिरणीवाल्यावर जातो ही एक. माळा साफ करण्यासाठी शिडीवर चढण्याचा मान मला मिळतो ही दुसरी. वयाची पासष्टी उलटली तरी या मानात घट झालेली नाही.

एरवी या सदरात मी आपल्याशी मिक्सरचे भांडे, नळाचा वॉशर, इस्त्रीची कॉइल असल्या घरगुती विषयांवर बोलतो. एका पानात त्याहून मोठा विषय मावतही नाही. पण दिवाळी अंकात संपादक थोडी ऐसपैस बैठक देतात. तेव्हा या खेपेस विमानाविषयी बोलू.

त्याचे असे झाले. माळ्यावरून तांब्याचा बंब, पाय नसलेला पाट आणि १९८७ सालची कॅलेंडरे खाली उतरवल्यावर मागे जुन्या चादरीत गुंडाळलेले एक लांबलचक गाठोडे हाती लागले. शिडी धरून उभी असलेली दादांची नात ओरडली, "छोटे आजोबा, जपून! ते विमान आहे ना?"

होय, ते विमानच होते. आमच्या थोरल्या बंधूंनी, म्हणजे दादांनी, १९९६ साली स्वतःच्या हाताने बांधलेले. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचा सांगाडा, पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर, आणि नाकात विजेची मोटार. चाके नाहीत. हातातून फेकायचे, अर्धा मिनिट मोटार चालवून वर न्यायचे आणि मग मोटार बंद करून घारीसारखे तरंगत ठेवायचे, अशी त्याची रीत. हातात रेडिओचा डबा, त्यावर हातभर लांब एरियल, आणि मान वर करून मैदानात उभे असलेले दादा हे चित्र आमच्या गल्लीतल्या त्या वेळच्या सर्व मुलांना अजून आठवते.

या विमानाला वहिनींचाही हात लागला आहे. लाकडी सांगाड्यावर जे रंगीत प्लॅस्टिकचे पातळ आवरण चढवतात, ते गरम इस्त्रीने चिकटवावे आणि ताणावे लागते. दादा कारखान्यात नकाशे काढणारे. पेन्सिलीच्या रेघेत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, पण इस्त्रीची आणि त्यांची मैत्री नव्हती. दोनदा आवरण जाळल्यावर वहिनींनी इस्त्री काढून घेतली आणि चार दुपारी खपून सगळे विमान लाल-पिवळे करून दिले. डाव्या पंखाच्या टोकाला एक सुरकुती तेवढी राहिली. त्यावरून दादा त्यांना वर्षानुवर्षे चिडवत. वहिनी गेल्या त्याला आता चार वर्षे झाली.

विमान खाली आले. चादर सोडली. दादांनी चष्मा पुसला, सुरकुतीवरून बोट फिरवले आणि म्हणाले, "ठेवा परत वर. मोटार थकली, बॅटरी मेली. आता कसलं उडतंय ते."

नात अकरावीत आहे. तिला 'आता कसलं' हा शब्दप्रयोग मान्य नाही. ती म्हणाली, "आजोबा, आता ब्रशलेस मोटार मिळते. सगळी वीज नवी घालू. विमान तेच राहील."

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घाला. पण नाकाला करवत लावायची नाही. आवरण कुठे कापायचं नाही."

एवढ्या एका अटीवर परवानगी मिळाली. आता हे ब्रशलेस प्रकरण काय आहे ते थोडक्यात सांगतो. आपल्या मिक्सरच्या मोटारीत कार्बनचे दोन ठोकळे असतात हे या सदराच्या वाचकांना माहीत आहे. मोटारीतली तांब्याची वेटोळी गरगरा फिरतात आणि त्या फिरत्या वेटोळ्यांना वीज पोचवण्यासाठी हे कार्बन सतत घासत असतात. हेच ब्रश. घासण्यात वीज वाया जाते, ठिणग्या पडतात, कार्बन झिजतो. ब्रशलेस मोटारीत कारभार उलटा. वेटोळी जागच्या जागी बसतात आणि लोहचुंबक फिरतात. कोणत्या वेटोळ्यात केव्हा वीज सोडायची हे बाहेरचा वेगनियंत्रक ठरवतो. दुकानात त्याला ईएससी म्हणतात. घासणे गेले, त्याबरोबर बरीच नासाडी गेली. हल्ली कमी विजेवर चालणारे जे बीएलडीसी पंखे घरोघर लागत आहेत, ते याच जातीचे. म्हणजे ही मोटार आपल्या छताला टांगून झालेली आहे, आपल्याला फक्त तिचे नाव ठाऊक नव्हते.

विजेवर रेडिओचे विमान उडवण्याची हौस तशी जुनी. इंग्लंडात कर्नल टॅप्लिन यांनी ३० जून १९५७ रोजी आपले 'रेडिओ क्वीन' हे विमान विजेच्या मोटारीवर उडवले, ती अशा उड्डाणाची पहिली नोंद मानतात. त्यांनी चांदी-जस्ताची महागडी बॅटरी वापरली होती. दादांच्या काळी निकेल-कॅडमियमची बॅटरी आली, आणि चालू शतकाच्या पहिल्या दशकात ब्रशलेस मोटार आणि लिथियम-पॉलिमरची बॅटरी अशी जोडी हौशी लोकांच्या हाती पडली. या जोडीने सारा खेळच बदलून टाकला.

आता माझा पराक्रम ऐका. घरात यंत्रांचा जाणकार म्हणून माझी थोडी प्रतिष्ठा आहे. खरेदीची जबाबदारी मी आपण होऊन घेतली. मोटारींच्या यादीत प्रत्येक नावापुढे 'केव्ही' म्हणून एक आकडा होता. एकीपुढे ९५०, दुसरीपुढे १४००, तिसरीपुढे २२००. आकडा मोठा ती मोटार दांडगी, असा सरळ हिशेब करून मी २२०० ची उचलली. शिवाय ती अवघी पन्नास ग्रॅमची. विमानाला हलके ते चांगले, हे कोणीही सांगेल. तिला २० अँपिअरचा नियंत्रक आणि तीन घरांची लिथियम बॅटरी घेतली. प्रोपेलर मात्र जुनाच ठेवला. चांगला धडधाकट होता, नवा कशाला?

गच्चीवर विमान दोघांनी दाबून धरले. नातीने रेडिओची दांडी हळूहळू पुढे सारली. असा आवाज झाला की शेजारच्या गच्चीवरचे पापड गोळा करून बाई खाली गेल्या. पाच-सात सेकंद सर्वांच्या तोंडावर आनंद होता. मग जळक्या वार्निशचा वास आला, नियंत्रकातून धुराची रेघ निघाली, आणि नातीने प्रसंगावधान राखून बॅटरीची तार ओढली म्हणून तेवढ्यावर निभावले. मोटारीला बोट लावले ते चटकन मागे घेतले. वेटोळ्यांवरचा लाखेचा मुलामा काळा पडला होता.

दादा खुर्चीत बसून पाहत होते. मला वाटले, आता गाठोडे परत माळ्यावर जाणार. ते उठले, आत गेले आणि एक जुनी वही घेऊन आले. वहीत विमानाच्या प्रत्येक भागाचे वजन होते. अक्षर वहिनींचे. दादा तराजूत घालीत आणि त्या लिहून घेत.

"तू मोटारीपासून सुरुवात केलीस," दादा म्हणाले. "मोटार सगळ्यांत शेवटी. आधी विमान काय म्हणतंय ते बघायचं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात ते काय फक्त पगाराला लागू आहे?"

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर जी शिकवणी झाली ती मी आपल्यापुढे जशीच्या तशी ठेवतो. कारण असले जुने विमान पुष्कळ घरांच्या माळ्यावर असेल, आणि माझ्यासारखे जाणकारही पुष्कळ घरांत असतील.

पहिली गोष्ट वजनाची. वहीप्रमाणे विमान सगळे मिळून १४२० ग्रॅम. त्यात जुनी मोटार २१० आणि सात घरांची बॅटरी ४००. नव्या सामानाने विमान साधारण साडेअकराशे ग्रॅमपर्यंत येईल असा नातीने अंदाज बांधला.

दुसरी गोष्ट ताकदीची. ती केव्हीत मोजत नाहीत, वॉटमध्ये मोजतात. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, हे शाळेत शिकलेले सूत्र येथे उपयोगी पडते. संथ उडणाऱ्या विमानाला वजनाच्या दर किलोला सव्वाशे-दीडशे वॉट पुरतात. झोकात वर चढवायचे तर दोनशेच्या आसपास धरावेत. कसरती करायच्या असतील तर त्याहून अधिक. जुनी मोटार सुमारे दीडशे वॉट खात होती, म्हणजे किलोला शंभरच, आणि त्यातलेही चाळीस टक्के उष्णतेत जात. आपण साडेअकराशे ग्रॅमला २३० वॉट धरले. तीन घरांच्या लिथियम बॅटरीचा दाब ११.१ व्होल्ट. ओझे पडले की तो अकराच्या थोडा खाली येतो. म्हणजे वीस-एकवीस अँपिअर. हा वीसचा आकडा दादांनी वहीत चौकटीत लिहिला. पुढचे सगळे त्यावर ठरायचे होते.

तिसरी गोष्ट प्रोपेलरची. विमान ओढतो तो प्रोपेलर, मोटार नुसती त्याला फिरवते. संथ विमानाला लहान प्रोपेलर भन्नाट वेगाने फिरवण्यापेक्षा मोठा प्रोपेलर सावकाश फिरवलेला बरा. तेवढ्याच विजेत जास्त ओढ मिळते. आमच्या विमानाला चाके नसल्यामुळे प्रोपेलर जमिनीला लागण्याची भीती नव्हती. म्हणून आठ इंची जाऊन दहा इंची आला. पाती मिटणारी घेतली, म्हणजे मोटार बंद केली की ती नाकाला चिकटून बसतात. त्याच्यावर '१० × ६' असे लिहिलेले असते. पहिला आकडा लांबीचा. दुसऱ्याचा अर्थ असा की लोण्यातून स्क्रू जावा तसा तो गेला तर एका फेऱ्यात सहा इंच पुढे सरकेल.

आता चौथी पाळी मोटारीची. केव्ही म्हणजे ताकद नव्हे. एका व्होल्टला मोटार मोकळी असताना मिनिटाला किती फेरे घेते, तो आकडा म्हणजे केव्ही. २२०० ची मोटार अकरा व्होल्टवर मोकळी असताना चोवीस हजार फेऱ्यांना धावू पाहते. तिला अगदी लहान प्रोपेलर हवा. मी तिच्या गळ्यात आठ इंची बांधला, तेव्हा तो त्या वेगाने फिरवण्यासाठी ती चाळीस-पन्नास अँपिअर मागू लागली आणि वीसचा नियंत्रक प्राणाला मुकला. दहा इंची प्रोपेलरला तीन घरांच्या बॅटरीवर हजाराच्या अलीकडची केव्ही योग्य. आम्ही साडेनऊशेच्या आसपासची पाहिली.

मोटारीची सोसण्याची शक्ती तिच्या वजनावरून अजमावता येते. एका ग्रॅमला साधारण तीन वॉट. म्हणजे २३० वॉटला ७५-८० ग्रॅमची मोटार पुरे. मी लगेच ८० ग्रॅमच्या एकीवर बोट ठेवले. दादांनी मान हलवली. त्यांनी ११५ ग्रॅमची निवडली.

"अहो, पण जड कशाला?" मी विचारले.

दादांनी टेबलावरची फूटपट्टी पेन्सिलीवर आडवी ठेवली. एका टोकाला खोडरबर, दुसऱ्या टोकाला पेन्सिलीचा तुकडा, पट्टी समतोल. मग त्यांनी खोडरबर उचलले. पट्टीचे दुसरे टोक धपकन खाली गेले. "हे नाक आखूड केलं आहे ते दोनशे ग्रॅमची मोटार धरून. तिथे पन्नास ग्रॅम ठेवलेस तर शेपूट जड होणार. जड नाकाचं विमान नीट चढत नाही, पण जड शेपटीचं विमान घरी परत येत नाही. मग तोल साधायला नाकात शिसं भरायचं. त्यापेक्षा तेच वजन तांब्याचं आणि लोखंडाचं घेतलेलं काय वाईट? मोटारही गार राहील."

वाचकहो, नव्या विमानाला हलकी मोटार शोभते, ते तिच्या मापाने बांधलेले असते. जुन्या विमानाचे नाक जुन्या मोटारीच्या वजनाला धरून बांधलेले असते, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते.

मग दादांनी मोजपट्टी घेऊन नाकातली दोन स्क्रूंची भोके मोजली. अंतर २५ मिलिमीटर. नातीने तेवढ्याच अंतरावर भोके असलेली मोटार शोधली. या मोटारीचे बाहेरचे भांडेच फिरते, म्हणून तिच्या भोवती चहूकडून दोन-तीन मिलिमीटर मोकळी जागा राहते ना आणि तारा घासणार नाहीत ना, हेही पाहिले. जागा होती. करवत लागणार नव्हती. दादांच्या चेहऱ्यावर त्या दिवशी प्रथमच थोडे हसू दिसले.

पाचवा नियंत्रक. जुना दोन तारांचा, तो या तीन तारांच्या मोटारीला उपयोगी नाही. शिवाय लिथियम बॅटरी फार उतरली की कायमची बिघडते, आणि तिला वेळीच थांबवण्याची अक्कल जुन्या नियंत्रकात नव्हती. वीस अँपिअर लागणार म्हणून तीसचा घेतला. दीडपट क्षमता हाताशी असावी. हाच नियंत्रक शेपटीच्या फळ्या हलवणाऱ्या सर्व्हो मोटारींना आणि रेडिओच्या रिसीव्हरला पाच व्होल्ट पुरवतो. स्वस्त नियंत्रक जास्तीचा दाब नुसता उष्णता करून उधळतो. बारा व्होल्टचे पाच करताना अँपिअरमागे सात वॉटची शेगडी आत पेटते. ती फार तापली आणि पुरवठा तुटला तर मोटार चालू काय नि बंद काय, विमान कोणाचेच ऐकत नाही. खाली माणसे असतात. म्हणून हे काम 'स्विचिंग' पद्धतीने करणारा, थोडा महाग नियंत्रक घेतला. येथे काटकसर करू नये. त्यात दोन गोष्टी आधी लावून घ्याव्यात. मोटार बंद करताच प्रोपेलर थांबवणारा ब्रेक चालू ठेवावा, नाहीतर पाती मिटत नाहीत. आणि बॅटरी उतरत आली की मोटार एकदम बंद न पडता मंद व्हावी.

मोटार उलटी फिरली तर घाबरू नये. तिच्या तीन तारांपैकी कोणत्याही दोन अदलाबदल केल्या की ती सुलटी फिरते. मात्र बॅटरीच्या तारांची अदलाबदल करून पाहू नये. तेथे चुकीला क्षमा नाही, नियंत्रक तात्काळ जातो. तारा लांब करण्याची वेळ आली तर मोटारीकडच्या कराव्यात, बॅटरीकडच्या नाही.

सहावी बॅटरी. २२०० मिलिअँपिअरतासांची १९० ग्रॅमची पुरली असती. तोलाचे गणित मांडल्यावर ३००० ची, २५० ग्रॅमची ठरली. पुन्हा तेच, शिशाऐवजी कामाचे वजन. ऐंशी टक्केच वापरायची म्हटले तरी पूर्ण वेगात सात मिनिटे मोटार चालते. अर्ध्या मिनिटाची एक चढाई धरली तर चौदा चढाया. सगळ्या सामानात महाग ती हीच, आणि रागीटही हीच. तिला तिचाच चार्जर हवा, प्रत्येक घर वेगळे मोजून ४.२ व्होल्टला थांबणारा. जुन्या बॅटरीचा चार्जर तिला लावला तर आगीला आमंत्रण. ३००० च्या बॅटरीला तीन अँपिअरपेक्षा जास्त वेगाने भरू नये. भरत असताना घराबाहेर जाऊ नये. फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी वापरू नये. आमच्याकडे ती फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून भरतात. आणि दिवाळीचे दिवस असल्यामुळे मुद्दाम सांगतो, फटाक्यांच्या पिशवीशेजारी तर मुळीच नको. आमच्या सौ.नी ही सूचना कागदावर लिहून दारावर चिकटवली आहे. जुनी कॅडमियमची बॅटरी केरात टाकायची नसते, ती विषारी. ई-कचरा घेणाऱ्यांकडेच द्यावी.

राहता राहिला रेडिओ. लांब एरियलचा जुना डबा दादांनी कपाटात आठवण म्हणून ठेवला आणि नव्या २.४ गिगाहर्ट्झचा संच आला. पूर्वी एका वारंवारतेवर दोघांनी रेडिओ लावला की एकाचे विमान दुसऱ्याच्या हुकमाने पडे, ती भानगड आता राहिली नाही. जुने सर्व्हो ४५ ग्रॅमचे, दातेही झिजलेले. त्यांच्या जागी २० ग्रॅमचे दोन बसवले. काही जुन्या कंपन्यांच्या सर्व्होंमध्ये तारांचा क्रम वेगळा असे. जुना सर्व्हो ठेवायचा असेल तर तो पाहूनच जोडावा. आणि रेडिओचा संबंध तुटला तर मोटार आपोआप बंद व्हावी अशी योजना नव्या रिसीव्हरमध्ये असते, ती विसरू नये.

सगळे जोडून झाले. आवरणावर ओरखडाही नव्हता. मग तोल पाहिला. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या एक-तृतीयांशाच्या किंचित पुढे दोन बोटांवर विमान तोलून धरले. बॅटरी नाकाकडे जाईल तेवढी सरकवली तरी शेपूट थोडे झुकले. तीस ग्रॅम शिसे लागलेच. पण माझ्या पन्नास ग्रॅमच्या मोटारीला किती लागले असते, ते नातीने हिशेब करून मला मुद्दाम दाखवले. तो आकडा मी येथे देत नाही.

शेवटची परीक्षा वॉटमीटरची. बॅटरी आणि नियंत्रक यांच्या मध्ये ही लहानशी डबी जोडली की व्होल्ट, अँपिअर, वॉट तिन्ही दिसतात. ही डबी माझ्याजवळ पहिल्या दिवशी असती तर एक मोटार आणि एक नियंत्रक वाचला असता. पुन्हा गच्चीवर गेलो. प्रोपेलरच्या पुढे किंवा बाजूला कोणी उभे राहायचे नाही, सगळ्यांनी मागे, अशी दादांची आज्ञा झाली. दहा इंची प्रोपेलर बोट कापताना विचार करीत नाही. आणि टेबलावर जुळवाजुळव करताना तो काढूनच ठेवायचा असतो. दांडी पूर्ण पुढे. १०.९ व्होल्ट, २० अँपिअर, २१८ वॉट. दादांनी चौकटीतला आकडा पाहिला, मीटर पाहिले आणि वही मिटली. शेजारच्या गच्चीवरचे पापड जागेवरच राहिले.

शहरात उडवण्याचा प्रश्नच नव्हता. पुण्याला लोहगावचा विमानतळ आहे. केंद्र सरकारच्या २०२१ सालच्या ड्रोन नियमांत अशी हौशी विमानेही येतात. आकाश कोठे मोकळे, कोठे परवानगी हवी आणि कोठे मनाई, ते हिरव्या, पिवळ्या, लाल रंगांत दाखवणारा सरकारी नकाशा आहे. तो पाहिला, गावच्या मंडळींना विचारले आणि एका रविवारी सकाळी वारा पडलेला असताना शहरापासून दूर माळरानावर गेलो. तीस पावलांवरून रेडिओ तपासला.

दादांचा उजवा हात हल्ली कापतो. विमान फेकण्याचे काम त्यांच्या मुलाने केले, रेडिओ नातीकडे. विमान हातातून सुटले आणि मला वाटले होते तसे धडपडत न जाता सरळ वर चढू लागले. जुन्या मोटारीची ती ओरड नाही, एक भरीव घोंगावणे फक्त. अर्ध्या मिनिटात ते एवढे लहान दिसू लागले की दादा म्हणाले, "बंद कर."

मोटार थांबली. पाती मिटली. माळरानावर एकदम शांतता झाली. उन्हात पंख लाल-पिवळे चमकत वळत होते. नातीने रेडिओ दादांपुढे धरला. त्यांनी नको म्हणून हात हलवला. मग एक वळसा पुरा होईपर्यंत थांबले आणि म्हणाले, "बरं, दे जरा." डावा हात खाली आधाराला देऊन त्यांनी दोन वळणे घेतली. तेवढा वेळ हात कापला नाही असे मी म्हणणार नाही. कापत होता. पण विमान नीट वळत होते.

विमान गवतावर उतरल्यावर दादांनी पहिली गोष्ट केली ती मोटारीला बोट लावण्याची. "कोमट," ते म्हणाले. परत येताना मी सुचवले की डाव्या पंखावरची सुरकुती एकदा गरम इस्त्री फिरवली तर निघून जाईल, पाच मिनिटांचे काम.

"ती राहू दे," दादा म्हणाले.

त्या रात्री नातीने वहीत जुन्या वजनांच्या शेजारी रेघ मारून नवा रकाना पाडला. मोटार ११५, बॅटरी २५०, सर्व्हो ४०, शिसे ३०, आणि खाली एकूण ११५२. डावीकडे वहिनींचे अक्षर, उजवीकडे नातीचे. दादांनी बेरीज तपासली आणि सही केली, कारखान्यात नकाशावर करीत तशी.

गाठोडे या वर्षी माळ्यावर गेलेले नाही. ते दिवाणखान्यात खिडकीवर टांगले आहे. मला त्यामुळे एकच लाभ झाला. माळ्यावर आता जागा पुष्कळ आहे, तेव्हा पुढच्या दिवाळीला शिडीवर चढण्याचे काही कारण नाही, असे मी सौ.ना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, जागा आहे म्हणूनच तर बंब परत ठेवता येईल.